एका आयनोडची सगळी नावं

डिस्क भरत आली म्हणून तुम्ही चार जीबीची एक जुनी फाइल उडवता. कमांड बिनतक्रार चालते, यादीतून फाइल नाहीशी होते. पण मोकळी जागा किती म्हणून पाहिलं, तर आकडा जिथल्या तिथे. युनिक्सच्या कुळातल्या यंत्रांवर, म्हणजे लिनक्स, मॅक, बीएसडी यांवर, काम करणाऱ्याला हे कधी ना कधी दिसतंच. काही वेळा ती फाइल एखाद्या चालू प्रोग्रॅमने उघडून धरलेली असते आणि तो बंद झाला की जागा सुटते. काही वेळा मात्र कारण वेगळं असतं. तुम्ही उडवलं ते त्या फाइलचं एक नाव असतं, आणि तिचं दुसरं नाव डिस्कवर आणखी कुठेतरी शाबूत असतं. ते दुसरं नाव हुडकायचं कसं?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याच्या उत्तरासाठी युनिक्सच्या अगदी पायथ्याशी जावं लागतं. १९६९ मध्ये न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि रड कॅनडे यांनी फळ्यावर आणि कागदांवर खरडून एका फाइलसिस्टीमचा आराखडा मांडला. थॉम्प्सनने तो पीडीपी-७ नावाच्या, फारसं कोणी वापरत नसलेल्या एका यंत्रावर उतरवला. त्या आराखड्यात फाइल आणि तिचं नाव या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या ठेवल्या होत्या. फाइलची सगळी माहिती एका नोंदीत, त्या नोंदीला एक क्रमांक. आणि नावं ठेवायला डिरेक्टरी नावाची साधी यादी, जिच्यात प्रत्येक नावापुढे एक क्रमांक. ही नोंद म्हणजे आयनोड. रिची आणि थॉम्प्सन यांनी जुलै १९७४ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये युनिक्सवर जो गाजलेला लेख लिहिला, त्यातही त्यांनी हे स्पष्ट केलं होतं की फाइल कुठल्याही डिरेक्टरीच्या 'आत' नसते. डिरेक्टरीत असतं ते नाव आणि फाइलच्या नोंदीकडे नेणारा दुवा.

ही रचना किती काटकसरीची होती ते पाहण्यासारखं आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली एक ओळ म्हणजे बरोबर १६ बाइट. त्यातले २ बाइट आयनोड क्रमांकासाठी, उरलेले १४ नावासाठी. बस. मालक कोण, आकार किती, शेवटचा बदल कधी झाला, वाचायची परवानगी कोणाला, मजकूर डिस्कच्या कुठल्या ठोकळ्यांत पडला आहे, हे सगळं आयनोडमध्ये. आजच्या लिनक्सवर सर्रास चालणाऱ्या एक्स्ट४ या फाइलसिस्टीममध्ये आयनोड साधारणपणे २५६ बाइटांचा असतो, आणि त्यातही रचनेचा गाभा तोच राहिला आहे. त्या २५६ बाइटांत एक गोष्ट सापडत नाही: फाइलचं नाव.

मात्र त्यात एक आकडा असतो, आणि या प्रकरणाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. या आयनोडकडे बोट दाखवणारी नावं किती, याची मोजणी. फाइलला आपली नावं किती ते ठाऊक असतं. ती कोणती आणि कुठे आहेत ते ठाऊक नसतं.

प्रत्यक्ष करून पाहू. (कमांड इथे नागरीत लिहिल्या आहेत, टंकताना त्यांची रोमन अक्षरं घ्यायची.) 'जमाखर्च' नावाची एक फाइल आहे असं धरा. 'एलएन जमाखर्च हिशेब' अशी कमांड दिली की त्याच फाइलला 'हिशेब' हे आणखी एक नाव मिळतं. यालाच हार्ड लिंक म्हणतात. आता 'एलएस -एलआय' दिलं तर ओळींच्या सुरुवातीला आयनोड क्रमांक येतो आणि परवानग्यांच्या अक्षरांनंतर नावांची मोजणी. मधले रकाने गाळले तर असं दिसेल:

४०६३२१७ … २ … जमाखर्च
४०६३२१७ … २ … हिशेब

क्रमांक एकच, मोजणी दोन. यातलं मूळ नाव कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे आता कोणीही सांगू शकत नाही, खुद्द यंत्रसुद्धा. दोन्ही नावांचा हक्क सारखा. 'जमाखर्च' उडवलं तर मोजणी एकावर येते आणि 'हिशेब' तसंच चालू राहतं. मोजणी शून्यावर आली आणि फाइल कोणी उघडूनही धरलेली नसली, तरच तिची जागा मोकळी होते. म्हणून युनिक्समध्ये फाइल 'डिलीट' करण्याचा मूळ सिस्टीम कॉल 'अनलिंक' आहे. तो फक्त नाव सोडवतो.

आता शोधाकडे. एखाद्या फाइलची बाकीची नावं हवी असतील तर सरळ मार्ग 'फाइंड' या कमांडचा. 'फाइंड /होम -एक्सडेव्ह -सेमफाइल जमाखर्च' असं दिलं की ती '/होम'खालची एकेक डिरेक्टरी उघडते आणि 'जमाखर्च'शी आयनोड जुळणारं प्रत्येक नाव दाखवते. नाव हाताशी नसून फक्त क्रमांक माहीत असेल तर '-सेमफाइल'च्या जागी '-आयनम ४०६३२१७'. आणि कोणती ठरावीक फाइल डोक्यात नसून, एकाहून अधिक नावांच्या सगळ्याच फायली हव्या असतील तर '-टाइप एफ -लिंक्स +१'. इथे '-टाइप एफ' विसरू नये. विसरलात तर डिरेक्टऱ्यांचा पूर लोटतो, कारण बहुतेक फाइलसिस्टीममध्ये प्रत्येक डिरेक्टरीची मोजणी मुळातच दोन किंवा जास्त असते: एक तिचं नाव, दुसरं तिच्याच पोटातलं '.' हे नाव, आणि शिवाय प्रत्येक उपडिरेक्टरीतलं '..'.

मला सर्वांत उपयोगी वाटते ती मात्र चौथी पद्धत. 'फाइंड'ला '-प्रिंटएफ' देऊन प्रत्येक फाइलचा आयनोड क्रमांक, नावांची मोजणी आणि पूर्ण मार्ग असं एका ओळीत छापून घ्यायचं, आणि ते सगळं 'सॉर्ट -एन'मधून काढायचं. एकाच आयनोडची नावं आपोआप एकाखाली एक येऊन बसतात. एका फेरीत सगळ्या जागेचा नकाशा हाती येतो, आणि त्या नकाशाला पुढे किती प्रश्न विचारता येतात ते थोड्या वेळाने पाहू.

'-एक्सडेव्ह' कशासाठी, हे आधी सांगायला हवं. आयनोड क्रमांक हा जगात, किंवा एका यंत्रातही, एकमेव नसतो. तो एका फाइलसिस्टीमपुरता एकमेव असतो. सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकासारखंच हे आहे. त्या शेताला घरातले 'विहिरीचा तुकडा' म्हणोत की 'आंब्याखालची पट्टी', दप्तरी ते गट क्रमांक ११२. पण शेजारच्या गावातही एक गट क्रमांक ११२ असतोच, आणि त्याचा या शेताशी काही संबंध नसतो. म्हणून गावाचं नाव आणि गट क्रमांक ही जोडी लागते. तशीच इथे डिव्हाइस क्रमांक आणि आयनोड क्रमांक ही जोडी लागते. '-सेमफाइल' ही जोडी स्वतःच तपासते. '-आयनम' फक्त क्रमांक पाहते. पेनड्राइव्हवरची कुठलीतरी फाइल आणि तुमच्या डिस्कवरची फाइल यांचा क्रमांक योगायोगाने एकच निघाला, तर '-आयनम' दोन्ही दाखवून मोकळी होते. '-एक्सडेव्ह' शोधाला एकाच फाइलसिस्टीमच्या शिवेत ठेवतं. त्यात काही निसटण्याची भीती नाही, कारण हार्ड लिंकला शीव ओलांडताच येत नाही. दुसऱ्या फाइलसिस्टीमवर ती करायला गेलात तर 'एलएन' साफ नकार देतं.

एका फाइलची नावं शोधायला पूर्ण फाइलसिस्टीम पालथी का घालावी लागते? कारण दुवा एकाच दिशेने जातो, नावाकडून क्रमांकाकडे. क्रमांकाकडून नावाकडे परत यायला वाट ठेवलेलीच नाही. हे अडचणीचं असल्याचं बेल लॅब्जमधल्या मंडळींनाही माहीत होतं. म्हणून जुन्या युनिक्समध्ये 'एनचेक' नावाचा एक प्रोग्रॅम होता. क्रमांक दिला की तो डिस्कवरच्या डिरेक्टऱ्या वाचत सुटायचा आणि नावं काढून द्यायचा. एक्स्ट४ च्या 'डीबगएफएस' या अवजारात आजही 'एनचेक' याच नावाने हीच सोय आहे. नाव तेच, काम तेच, आणि पद्धतही तीच: सगळं चाळणं.

उलटी वाट ठेवणं अशक्य नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या एनटीएफएसमध्ये फाइलच्या मुख्य नोंदीतच तिची सगळी नावं लिहिलेली असतात. त्यामुळे तिथे 'एफएसयुटिल हार्डलिंक लिस्ट' या कमांडला डिस्कभर फिरावं लागत नाही. त्याची किंमत म्हणजे एका फाइलला फार तर १०२४ नावं. एक्स्ट४ मध्ये ही मर्यादा ६५,००० आहे, कारण तिथे वाढतो तो फक्त एक आकडा. लिनक्सच्याच बीटीआरएफएसमध्ये आयनोडपासून नावाकडे जाणाऱ्या उलट्या नोंदी ठेवलेल्या असतात, आणि एक्सएफएसमध्ये तशी सोय २०२४ साली लिनक्सच्या ६.१० आवृत्तीबरोबर आली. म्हणजे एकेकाळी वाचवलेले ते चार बाइट आता लोक आनंदाने खर्चायला तयार आहेत. माझ्या मते दोन्ही निर्णय आपापल्या काळात योग्य होते. ज्या यंत्रावर डिरेक्टरीची पूर्ण ओळ १६ बाइटांत बसवायची होती, तिथे प्रत्येक नाव दोनदा लिहिणं, आणि नाव बदललं की दोन्हीकडे न चुकता दुरुस्त करणं, परवडलं नसतं.

पण मोजणी ठेवण्याचा जो निर्णय त्यांनी घेतला, तो शोधणाऱ्याच्या फार कामी येतो. मोजणी तीन असेल आणि तिसरं नाव सापडलं, की शोध तिथेच थांबवता येतो. चौथं नाव असूच शकत नाही. आणि दोनच सापडली, तर एक कुठेतरी आहे याची खात्री असते. अशा वेळी जागा ठरलेल्या आहेत. तुम्ही झाडाच्या एका फांदीवरच शोधलंत आणि नाव दुसरीकडे आहे, हे सर्वांत नेहमीचं. किंवा ते अशा डिरेक्टरीत आहे जी वाचायची परवानगी तुम्हाला नाही. 'फाइंड'ने छापलेले परवानगीचे नकार आपण डोळ्याआड करतो, ते करू नये. तिसरी जागा हमखास चकवणारी: एखाद्या डिरेक्टरीवर दुसरी डिस्क माउंट केलेली असते आणि त्या डिरेक्टरीत आधी पडलेल्या फायली तिच्याखाली झाकल्या गेलेल्या असतात. त्या असतात, जागा खातात, पण कुठल्याही यादीत येत नाहीत. मूळ फाइलसिस्टीम आणखी एका ठिकाणी बाइंड-माउंट करून पाहिली की त्या दिसतात.

मघाच्या नकाशाचा खरा उपयोग बॅकअपमध्ये होतो. 'आरसिंक'ला '--लिंक-डेस्ट' हा पर्याय दिला की आज न बदललेल्या फायलींची नवी प्रत होत नाही. कालच्या प्रतीलाच आजच्या डिरेक्टरीत आणखी एक नाव मिळतं. 'सोमवार', 'मंगळवार' अशा सात डिरेक्टऱ्या, प्रत्येक उघडली तर पूर्ण १०० जीबीची दिसते, आणि सगळ्या मिळून जेमतेम ११० जीबी. 'डीयू' ही जागा मोजणारी कमांड एका आयनोडला एकदाच मोजते, त्यामुळे 'डीयू सोमवार मंगळवार' असं विचारलं तर सोमवार १०० आणि मंगळवार एक-दोन जीबी येतो. तीच दोन नावं उलट क्रमाने द्या; आता मंगळवार १०० आणि सोमवार एक-दोन. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण सामायिक जागा कोणाच्या नावावर मांडायची हा प्रश्नच मुळात निराधार आहे.

मग सोमवार उडवला तर जागा किती सुटेल? 'एलएस' हे सांगू शकत नाही. नकाशा सांगतो. 'सोमवार'च्या आत प्रत्येक आयनोडची किती नावं सापडली ते मोजायचं आणि आयनोडमधल्या मोजणीशी ताडायचं. दोन्ही आकडे सारखे असतील तर त्या फाइलची सगळी नावं सोमवारातच आहेत, म्हणजे ती खरोखर जाईल. सापडलेली नावं कमी असतील तर ती बाहेरूनही धरलेली आहे आणि राहील. फक्त पहिल्या प्रकारच्या फायलींच्या आकाराची बेरीज करायची. दहा-बारा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये हे होतं, आणि बॅकअप सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा स्वतः लिहून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

याच बॅकअपमध्ये एक धोकाही आहे. सोमवारच्या प्रतीत जाऊन एखाद्या फाइलच्या शेवटी एक ओळ जोडली, तर ती सातही दिवसांत जोडली जाते, कारण फाइल एकच आहे. बरेच प्रोग्रॅम असं करत नाहीत. ते नवी फाइल लिहितात आणि तिला जुनं नाव देतात. 'सेड -आय' असंच वागतं. त्यात बाकीची नावं जुन्या मजकुरापाशी सुरक्षित राहतात, पण नातं गुपचूप तुटतं. हवं असलेलं नातंही असंच तुटतं. म्हणून फाइल संपादित केल्यावर काही विचित्र वाटलं तर आधी आयनोड क्रमांक पाहावा, तो बदलला आहे का. डिस्क दुसरीकडे हलवतानाही हेच ध्यान ठेवायला हवं. 'सीपी -आर'ने हलवलात तर प्रत्येक नावाची स्वतंत्र प्रत होऊन ११० जीबीचा बॅकअप ७०० जीबीचा होतो. 'सीपी -ए' किंवा 'आरसिंक -एच' (कॅपिटल एच) नाती जपतात, आणि ती जपायला त्यांनाही मनात आयनोडांची तीच यादी बाळगावी लागते.

सुरक्षेचाही यात भाग आहे. जास्त अधिकाराने चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये भोक सापडलं, नवी आवृत्ती आली, जुनी उडाली. पण कोणी आधीच त्या जुन्या फाइलला आपल्या डिरेक्टरीत दुसरं नाव देऊन ठेवलं असेल तर भोक पडलेला प्रोग्रॅम अधिकारांसकट जिवंत राहू शकतो. म्हणून २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.६ आवृत्तीत परक्याच्या फाइलला हार्ड लिंक करण्यावर बंधन घालण्याची सोय आली. बहुनामी प्रोग्रॅम दिसला की लगेच घाबरायचं मात्र कारण नाही. अनेक उबुंटू यंत्रांवर 'बीझिप२', 'बनझिप२' आणि 'बीझिकॅट' हे एकाच आयनोडचे तीन अवतार आहेत. आपल्याला कुठल्या नावाने हाक मारली हे पाहून प्रोग्रॅम काय करायचं ते ठरवतो.

नावाबद्दल आणखी एक, आपल्या लिपीपुरतं. युनिक्सच्या लेखी नाव म्हणजे नुसती बाइटांची रांग. त्यात तिरकी रेघ आणि शून्य बाइट एवढंच चालत नाही. यूटीएफ-८ मध्ये, जी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनीच १९९२ साली रचली, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'हिशेब' म्हणजे पाच चिन्हं, १५ बाइट. जुन्या युनिक्सच्या १४ बाइटांत तो एका बाइटने मावला नसता. आज २५५ बाइटांची मुभा आहे, म्हणजे मराठीत ८५ चिन्हं. पण 'तऱ्हा'मधला 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो, एका चिन्हाने किंवा 'र'ला खाली नुक्ता जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, बाइट मात्र वेगळे. लिनक्सवर एकाच डिरेक्टरीत 'तऱ्हा' आणि 'तऱ्हा' अशा दोन ओळी दिसल्या तर त्या एका फाइलची दोन नावं आहेत की दोन वेगळ्या फायली, हे नुसतं पाहून कळत नाही. 'एलएस -आय'ने क्षणात कळतं. आणि नको असलेली नेमकी फाइल उडवायची, पण नाव टंकता येत नाही, अशा वेळी '-आयनम'ने क्रमांक देऊन '-डिलीट' करता येतं. फक्त आधी मोजणी पाहायची. ती दोन असेल तर शोधाच्या टप्प्यातली दोन्ही नावं जातील.

राहिली ती काही सारखी दिसणारी पण निराळी नाती. सिम्बॉलिक लिंकला स्वतःचा वेगळा आयनोड असतो आणि त्यात फक्त मार्गाचा मजकूर असतो. ती मोजणीत धरली जात नाही. 'फाइंड -एल' (कॅपिटल एल) दिलं तरच '-सेमफाइल' तिच्यापलीकडे पाहतं. बीटीआरएफएसच्या स्नॅपशॉटमध्ये फाइलचा आयनोड क्रमांक मूळ फाइलसारखाच असतो, पण डिव्हाइस क्रमांक वेगळा, म्हणून त्या दोन फायलीच मानायच्या. आणि 'सीपी --रीफ्लिंक'ने केलेल्या प्रतीत सगळं उलटं आहे. आयनोड दोन, मोजणी प्रत्येकी एक, पण डिस्कवरचे ठोकळे सामायिक. एकीत बदल केला की तेवढ्याच ठोकळ्यांपुरती ती वेगळी होते. या प्रकरणातली कुठलीही कमांड हे सामायिक असणं दाखवत नाही. त्यासाठी 'फाइलफ्रॅग -व्ही' चालवून, कोणत्या तुकड्यापुढे 'शेअर्ड' अशी खूण येते ते पाहावं लागतं.